गोळी बंद कधी होणार?

मागच्या अंकात लिहिलं होतं की गर्द (म्हणजे हेरॉइन), दारू, पेनकिलरच्या गोळ्या असली व्यसनं अ‍ॅडमिट न होता, घरी राहून, ओपीडीत येऊन औषधांवरही सोडवता येतात. त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळी दुसरं काही घेतच नाहीये, सगळी जागा त्यालाच. नावं कुणाचीच छापत नाही, काही पत्रं छोटी केलीत. आणि हो, डोस वगैरे जे लिहिलंय ते समजण्यासाठी आहे, स्वतःच्या गोळ्या स्वतः कमीजास्त करायला नाही, हे एकदाच सांगते आणि पुढे परत परत सांगत बसत नाही.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. चार वर्षं गर्द ओढत होता. आता ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीवर आहे, कामाला जातो, रात्री घरी असतो, पैसे मागत नाही. पण माझा भाऊ म्हणतो की हे काय, एक नशा सोडवली आणि दुसरी लावली, गोळी नाही मिळाली तर याला त्रास होतोच ना? मलाही वाटतं की आता बरा झालाय तर बंद करावी. कधी बंद करायची?

ताई, तुमच्या भावाचं एक वाक्य खरं आहे, गोळी अचानक बंद केली तर त्रास होतो. शरीराला त्या औषधाची सवय झालेली असते आणि ती असणारच. पण व्यसन म्हणजे फक्त शरीराची सवय नव्हे. व्यसन म्हणजे सकाळी उठल्यापासून माल कुठून आणायचा, पैसे कुठून काढायचे, कुणाला काय खोटं सांगायचं, यातच दिवस जाणं, नुकसान दिसत असूनही हात न थांबणं. तुम्हीच लिहिलंय की तो कामाला जातो, घरी असतो, पैसे मागत नाही. म्हणजे व्यसन जे काय होतं ते आत्ता चालू नाहीये, गोळी चालू आहे. या दोन गोष्टी घरातल्यांनी वेगळ्या ठेवल्या तर अर्धी भांडणं मिटतील असं माझं मत.

गोळी करते काय ते बघा. मेंदूत अफूच्या जातीच्या औषधांना बसायला खुर्च्या असतात असं समजा. गर्द त्या खुर्चीवर बसतं ते पूर्ण ऐसपैस, म्हणून किक येते, आणि काही तासांत उठून जातं, म्हणून टर्की लागते, म्हणजे नशा न मिळाल्याने अंगाला होणारा त्रास. ब्युप्रेनॉर्फिन त्याच खुर्चीवर बसतं पण अर्धवट बसतं, त्यामुळे तलफ भागते, अंग दुखत नाही, पण नशा म्हणावी अशी येत नाही, ठरावीक मर्यादेनंतर डोस वाढवला तरी परिणाम फारसा वाढत नाही आणि त्यामुळे श्वास बंद पडायचा धोकाही गर्दपेक्षा बराच कमी. शिवाय एकदा बसलं की दिवसभर उठत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही, म्हणून वरून गर्द ओढलं तरी पूर्वीसारखी मजा येत नाही. एवढंच आहे ते. जादू नाही आणि लबाडीही नाही.

आता बंद कधी. स्वीडनमध्ये एक अभ्यास झाला होता, २००३ साली छापून आला, हेरॉइनवरचे ४० जण घेतले, २० जणांना वर्षभर रोज ब्युप्रेनॉर्फिन दिलं आणि बाकी २० जणांना सहा दिवसांत डोस उतरवून पुढे नुसती खोटी गोळी दिली. समुपदेशन, ग्रुप वगैरे दोघांनाही सारखंच. वर्षाअखेर गोळीवाल्यांपैकी ७५ टक्के उपचारात टिकले होते, दुसऱ्या गटातला एकही टिकला नव्हता, आणि त्या २० पैकी ४ जण वारले होते. गोळीवाल्यांतलं कुणीच वारलं नाही. अभ्यास छोटा आहे हे मान्य, पण नंतरच्या मोठमोठ्या आकडेवारीतही हेच दिसतं की उपचार चालू असताना मरणाचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं आणि उपचार बंद झाल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. कारण साधं आहे, शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस जुन्याच अंदाजाने जुनाच डोस घेतो.

म्हणून बंद करायची तारीख मी सांगत नाही, कुणाला वर्ष, कुणाला पाच वर्षं, कुणाला कायम. मी विचारते ते वेगळंच : जुने मित्र समोर आले तर काय करतो, झोप कशी आहे, हातात एकदम पैसे आले तर काय होतं, मनातून त्याला स्वतःला कमी करायचीये की मामा बोलतो म्हणून. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याला स्वतःला करायची असेल, बराच काळ सगळं शांत असेल, तर महिन्यामहिन्यांनी थोडी थोडी कमी करतात, आणि मध्ये तलफ वाढली तर परत वर जायचं, त्यात हार वगैरे काही नाही. तोवर भावाला सांगा की मुलगा औषध घेतोय, आणि विषय तिथे संपवा. घरच्यांच्या टोमण्यांमुळे गुपचूप गोळी सोडलेली आणि मग परत गर्दवर गेलेली मुलं ओपीडीत नेहमी बघते, त्यामुळे यावर मी जरा कडकच बोलते, राग मानू नका.

एक काम मात्र आजच करा. नॅलॉक्सोनचा, म्हणजे गर्दचा असर उतरवणारा, नाकात मारायचा स्प्रे असतो, तो घरात ठेवायला डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कसा मारायचा ते शिकून घ्या. ओव्हरडोस झालेला माणूस हाक मारून उठत नाही, श्वास अगदी हळू किंवा घरघर लागल्यासारखा, ओठ निळे. स्प्रे मारायचा, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची, कुशीवर वळवायचं, दोनतीन मिनिटांत शुद्ध नाही आली तर दुसरा मारायचा, आणि शुद्धीवर आला तरी सोडून जायचं नाही, कारण स्प्रेचा असर साधारण तासाभरात उतरतो आणि गर्दचा अजून अंगात असतो.

प्रश्न : डॉक्टर, लोक म्हणतात ब्युप्रेनॉर्फिनने बरं वाटतं, मला तर पहिल्या गोळीनेच अर्ध्या तासात मेल्यासारखं झालं. उलट्या, जुलाब, अंगावर काटा, पाय फेकत होतो. एवढी वाईट टर्की आयुष्यात लागली नव्हती. परत घ्यायची हिंमत नाही. मला हे औषध सूट होत नाही का?

औषध सूट न होण्याचा हा प्रकार नाही, वेळ चुकली. तुम्ही लिहिलं नाहीये पण माझा अंदाज आहे की गोळीच्या आधी चारपाच तासांत तुम्ही माल घेतला असणार. वर खुर्चीचं सांगितलंय तेच इथे उलटं होतं, ब्युप्रेनॉर्फिनची पकड गर्दपेक्षा जास्त, ते आल्या आल्या गर्दला ढकलून काढतं आणि स्वतः अर्धवटच बसतं, म्हणजे शरीराला भरलेल्या पोटावरून एकदम अर्ध्या पोटावर आणल्यासारखं होतं आणि जी टर्की दोन दिवसांत हळूहळू लागली असती ती अर्ध्याएक तासात एकदम अंगावर येते.

म्हणून पहिल्या गोळीसाठी थांबावं लागतं. गर्द किंवा पटकन उतरणाऱ्या गोळ्यांवर असाल तर शेवटच्या डोसनंतर १२ ते २४ तास, मेथाडोनवर (गर्दच्या व्यसनावरचं दुसरं औषध) असाल तर आधी मेथाडोन कमी करून मग दोनतीन दिवस, फेंटानिल (अफूच्या जातीचंच एक फार जोरदार औषध) रोज घेणाऱ्यांत तर याहूनही अंदाज चुकतो कारण ते चरबीत साठून राहतं. पण घड्याळापेक्षा अंग बघायचं. मी ओपीडीत काय बघते तर डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्यात का, नाक गळतंय का, जांभया येतायत का, हातावर काटा आहे का, नाडी वाढलीये का, एका जागी बसवतंय का. याचे मार्क मोजायची एक पद्धत असते, पुरेसे मार्क झाले म्हणजे टर्की खरंच सुरू झालीये, मग पहिली २ किंवा ४ मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली. तासदोन तासाने बघून परत. पहिल्या दिवशी बहुतेकांचं ८ मिलिग्रॅमच्या आसपास भागतं, पुढे काही दिवसांत १६ पर्यंत नेतात, कुणाला २४ लागते.

टर्की लागू द्यायची आणि ती लागलेली असताना थांबायचं, ही गोष्ट बोलायला सोपी आहे, भोगणाऱ्याला विचारा. ज्यांना ते जमतच नाही त्यांच्यासाठी अगदी कणभर डोसने सुरू करून रोज वाढवत न्यायची पद्धतही आता वापरतात, त्यात माल चालू असतानाच सुरुवात होते. तुमच्या डॉक्टरांना त्या दिवशी नेमकं किती वाजता काय घेतलं होतं ते खरं सांगा. आम्ही पोलीस नाही. खोटी वेळ सांगितली की त्रास तुम्हालाच होतो, मला काही होत नाही.

प्रश्न : ताई, नवरा रोज पितो. एका ओळखीच्यांनी एक गोळी दिलीये, डायसल्फिरॅम, म्हणाल्या जेवणात मिसळून द्या, त्याला कळणारही नाही आणि प्यायला की इतका त्रास होईल की आपोआप सोडेल. देऊ का? त्यांच्या घरी फरक पडला म्हणे.

नका देऊ. आजची गोळी दिली असेल तर नवऱ्याला आजच सांगा, भांडण होईल ते होऊ दे.

दारू शरीरात गेली की तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी असतं, आणि लिव्हर त्याची पटकन विल्हेवाट लावतं. डायसल्फिरॅम ती विल्हेवाट लावणारी यंत्रणाच बंद पाडतं. मग प्यायल्यावर दहावीस मिनिटांत तोंड लालबुंद, डोकं फुटायला आलेलं, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. जास्त प्यायला असेल किंवा हृदय आधीच कमजोर असेल तर माणूस जाऊ शकतो, अतिशयोक्ती नाही ही. आणि ज्याला माहीतच नाही की अंगात गोळी आहे तो दोन पेगवर कशाला थांबेल, त्रास होतोय म्हणून अजून एक मारेल. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो.

या औषधाची गोष्ट मजेशीर आहे तशी. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोन संशोधक जंतांवरचं औषध म्हणून याची चाचणी करत होते आणि सुरक्षित आहे का बघायला स्वतःच गोळ्या खात होते, मग थोडी दारू घेतली की दोघांनाही कसंतरीच व्हायला लागलं, तिथून हा शोध लागला आणि १९४८ साली छापला. त्या दोघांनी निदान स्वतःच्या हाताने गोळी घेतली होती हे लक्षात घ्या.

डायसल्फिरॅम वाईट औषध नाहीये. ज्याला स्वतःला सोडायचीये, हृदय लिव्हर तपासलेलं आहे, शेवटच्या घोटाला किमान १२ तास झालेत, आणि जो रोज सकाळी तुमच्यासमोर गोळी घ्यायला तयार आहे, त्याला चांगलं काम देतं. म्हणजे दिवसभराचा निर्णय सकाळी एकदाच, शांत डोक्याने घेऊन टाकायचा. त्याला मग कफ सिरप, माउथवॉश यातलं अल्कोहोलही बघावं लागतं.

पण तुमच्या पत्रावरून वाटतं की नवरा अजून सोडायला तयारच नाहीये. मग दुसरी औषधं आहेत ज्यांची नावं लोकांना माहीतच नसतात, याचं मला दरवेळी आश्चर्य वाटतं. नॅलट्रेक्सोन, रोज ५० मिलिग्रॅम, यात प्यायलं तरी रिअ‍ॅक्शन येत नाही, पिण्यातली मजा कमी होते, आणि पिणं चालू असतानाही सुरू करता येतं, म्हणून जो म्हणतो मी कमी करीन पण सोडणार नाही त्यालाही देता येतं. फक्त अफूच्या जातीची कुठलीही गोळी, अगदी ट्रॅमाडोलसारखी पेनकिलरसुद्धा, तो घेत नसला पाहिजे. दुसरं अ‍ॅकॅम्प्रोसेट, हे सोडल्यानंतर सुरू करतात, दिवसातून तीनदा दोन दोन गोळ्या खाव्या लागतात हा त्याचा कंटाळा, पण लिव्हर खराब असलेल्यालाही चालतं, किडनी मात्र ठीक पाहिजे. मध्ये एखाद दिवस प्यायला तरी बंद करायचं नाही.

किती उपयोग होतो ते पण खरं सांगते. सगळे अभ्यास एकत्र केले तर अ‍ॅकॅम्प्रोसेट साधारण ११ जणांना दिलं की त्यातला एक जण, जो एरवी परत प्यायला लागला असता, तो लागत नाही. नॅलट्रेक्सोनने साधारण ११ जणांमागे एक जण बेसुमार पिण्याकडे परत जाण्यापासून वाचतो. ऐकायला कमी वाटतं, पण रोज वापरातली बरीच औषधं याच्या आसपासच असतात, फक्त तिथे कुणी हिशोब विचारत नाही.

आणि एक फार महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात बंद करू नका. सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, दिवस कुठला ते कळत नाही, ताप येतो, हे जिवावरचं असतं. आधी कधी फिट किंवा असे भास झालेले असतील तर ओपीडी नाही, अ‍ॅडमिटच व्हायचं. बाकीच्यांना आठवडाभर उतरत्या डोसच्या गोळ्या, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), आणि रोज किंवा दिवसाआड येऊन दाखवणं, असं घरी राहून होतं, पण घरात शुद्धीतला एक माणूस चोवीस तास पाहिजे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. पाठीच्या ऑपरेशननंतर ट्रॅमाडोल सुरू झालं, आता पाठ दुखत नाही पण गोळी दोन दिवस नाही घेतली तर झोप लागत नाही, पाय वळवळतात, रडू येतं. रोज आठदहा गोळ्या होतात. मी काही व्यसनी बाई नाहीये, पण मला तुमच्या ओपीडीत यायची लाज वाटते.

व्यसनी बाई कशी दिसते असं वाटतं तुम्हाला? माझ्या वेटिंग रूममध्ये बसून बघा एकदा, तुम्हाला कुणीच ओळखता येणार नाही.

लाजेपेक्षा मला काळजी दुसरीच आहे. ट्रॅमाडोलच्या आठदहा गोळ्या म्हणजे ५० मिलिग्रॅमची असेल तरी ४०० ते ५०० मिलिग्रॅम, आणि ४०० ही दिवसाची वरची मर्यादा धरतात, त्यापुढे फिट यायचा धोका चांगलाच वाढतो, डिप्रेशनची गोळी चालू असेल तर अजून. आणि ट्रॅमाडोल डिप्रेशनच्या औषधांसारखंही थोडं काम करतं, म्हणून एकदम सोडलं की रडू येणं, घाबरल्यासारखं होणं, अंगात करंट गेल्यासारखं वाटणं हे वरून येतं. म्हणून झटक्यात सोडू नका, मनाचा कस वगैरे बघायची ही जागा नाही.

दोन रस्ते आहेत. एक, त्याच गोळ्या दर एकदोन आठवड्याला थोड्या कमी करत जाणं, मोजून, डबी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन. हे तुम्ही घरी करून बघितलं असणार आणि तिसऱ्याचौथ्या पायरीवर मोडलं असणार, बहुतेकांचं मोडतं. दुसरा, ब्युप्रेनॉर्फिनवर येणं. अमेरिकेत पेनकिलर गोळ्यांच्याच व्यसनावर एक मोठा अभ्यास झाला, ६५० च्या वर लोक, २०११ साली छापला. १२ आठवडे ब्युप्रेनॉर्फिन दिलं तेव्हा जवळपास निम्मे लोक व्यवस्थित होते, मग ते औषध उतरवून बंद केलं आणि आठ आठवड्यांनी बघितलं तर व्यवस्थित असलेले फक्त ९ टक्क्यांच्या आसपास राहिले. यात शिकलेले, नोकरीवाले लोक भरपूर होते. म्हणजे हा इच्छाशक्तीचा मामला नाही, घाईचा आहे. शाळेला काही सांगायची गरज नाही, गोळी रोज घरी घेऊन तुम्ही वर्गावर जाऊ शकता, सुरुवातीचे काही दिवस गाडी चालवू नका एवढंच.

प्रश्न : मेथाडोनसाठी रोज सकाळी सेंटरवर जाऊन नर्ससमोर प्यावं लागतं, तोंड उघडून दाखवावं लागतं, बोलायला लावतात. एवढा अविश्वास का? आणि डोस वाढवायला सांगितलं तर म्हणतात थांबा. चोर समजतात का आम्हाला?

तुमचा राग बरोबर आहे आणि नियमही बिनकामाचा नाही, दोन्ही एकाच वेळी खरं.

मेथाडोन ब्युप्रेनॉर्फिनसारखं अर्धवट बसणारं नाही, ते पूर्ण बसतं, त्याला वरची मर्यादा नाही. आणि ते अंगातून फार हळू जातं, आजच्या डोसमध्ये कालचा उरलेला मिसळतो, परवाचा मिसळतो, असं पाचसहा दिवस साठत जातं. म्हणजे सोमवारी ज्या डोसने काहीच झालं नाही तोच डोस शुक्रवारी झोपेत श्वास थांबवू शकतो. मेथाडोनवरचे मृत्यू पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतात ते याच्यामुळे. म्हणून सुरुवात २० ते ३० मिलिग्रॅमने आणि दर काही दिवसांनी थोडं थोडं वर. पण वर जायलाच पाहिजे हे पण तितकंच खरं, बहुतेकांना ६० ते १२० च्या मध्ये कुठेतरी नीट बसतं, आणि काही सेंटरवाले ३०-४० वरच लोकांना अडकवून ठेवतात आणि मग म्हणतात की बघा, वरून गर्द ओढतोच. ओढणारच! डोस कमी पडतोय. तुमचा दोन आठवडे एकच डोस असेल आणि संध्याकाळपासून अंग दुखायला लागत असेल तर हे याच शब्दांत सांगा, ‘वाढवा’ म्हणू नका, ‘रात्री नऊला नाक गळायला लागतं’ असं सांगा. ईसीजी काढायला सांगतील, मेथाडोनने हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो म्हणून, तो काढून घ्या. आणि टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटचं काही औषध सुरू झालं तर सांगायला विसरू नका, ती मेथाडोन लवकर संपवतात, टर्की लागते आणि सगळे म्हणतात नाटक करतोय.

समोर प्यायला लावणं सुरुवातीला समजू शकते, घोट बाहेर जाऊन दुसऱ्याला विकला गेला आणि सवय नसलेल्या माणसाने प्यायला तर तो मरू शकतो, लहान मूल तर एका घोटात. पण स्थिर झालेल्या माणसाला वर्षानुवर्षं रोज फेऱ्या मारायला लावणं मला पटत नाही, नोकरी कशी टिकणार त्याची? घरी न्यायच्या डोसबद्दल विचारा, आणि कुलपाची पेटी घेऊन विचारायला जा, त्याने फरक पडतो.

प्रश्न : तीन महिन्यांची प्रेग्नंट आहे, ब्युप्रेनॉर्फिन चालू आहे. सासूबाई म्हणतात बाळ नशेतच जन्माला येईल, आजच बंद कर. घाबरून दोन दिवस घेतली नाही, पोटात कळा येतायत.

आज परत सुरू करा आणि आज, उद्या नाही, डॉक्टरांना फोन करा, कळांचं वेगळं बघावं लागेल, आणि दोन दिवसांत मध्ये दुसरं काही घेतलं असेल तर गोळीच्या आधी तेही सांगा.

गरोदरपणात एकदम बंद करणं हाच जास्त धोका आहे, आईला टर्की लागली की तिचा ताण बाळावर येतो, आणि आई परत गर्दवर गेली तर दोघंही धोक्यात. जगभर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू ठेवायचाच सल्ला देतात, शेवटच्या महिन्यांत डोस वाढवावा किंवा दोनदा विभागून द्यावा लागतो कधीकधी. बाळाला जन्मानंतर दोनचार दिवसांत थोडी टर्की लागू शकते, म्हणजे जास्त रडणं, कंप, दूध नीट न ओढणं, ते आधीच माहीत असलं की डॉक्टर लक्ष ठेवतात आणि त्यावर उपचार आहे. २०१० साली छापलेल्या अभ्यासात ब्युप्रेनॉर्फिनवरच्या आयांच्या बाळांना मेथाडोनच्या तुलनेत औषध कमी लागलं आणि हॉस्पिटलमधले दिवसही कमी. सगळं ठीक असेल तर अंगावर पाजायचं, छातीशी धरायचं, त्याने टर्की सौम्य होते. सासूबाईंना पुढच्या व्हिजिटला सोबत घेऊन जा, त्यांच्याशी भांडू नका, डॉक्टरला बोलू द्या.

प्रश्न : गांजा आणि क्रिस्टल मेथ, दोन्हीसाठी औषध सुचवा.

गर्द किंवा दारूला आहेत तशी, नक्की काम करतात असं सिद्ध झालेली औषधं या दोघांसाठी अजून नाहीत. झोप, डिप्रेशन, चिडचिड यावर गोळ्या देतो, पण मूळ काम बोलण्याचं आणि सवयी बदलण्याचं. मेथ या उत्तेजक नशेवर सगळ्यात चांगला परिणाम ज्याचा दिसलाय तो साधाच आहे, लघवीची तपासणी क्लीन आली की लगेच छोटं बक्षीस. लोक हसतात याला. हसू दे.

प्रश्न : गोळी जिभेखाली ठेवून कंटाळा येतो, कडू लागते, गिळली तर चालेल ना? आणि दात खराब होतात हे खरं का?

गिळली तर पैसे पाण्यात. पोटातून गेली की लिव्हर तिचा बराचसा भाग रक्तात पोचायच्या आधीच संपवतं. आधी तोंड ओलं करा, गोळी जिभेखाली, पाचदहा मिनिटं बोलायचं नाही, थुंकायचं नाही, सिगारेट नाही. दातांचं खरं आहे, २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने तशी सूचना काढली. गोळी पूर्ण विरघळली की पाण्याचा घोट तोंडात फिरवून गिळा, आणि ब्रश तासाभरानंतर, लगेच नको. वर्षातून एकदोनदा दात दाखवत जा. दातांच्या भीतीने गोळी सोडू नका, गर्दने दातांचं काय होतं ते तुम्हाला माहीतच असेल. रोजचं हे जमतच नसेल तर आठवड्याचं किंवा महिन्याचं इंजेक्शनही निघालंय, मिळतं का विचारा.

प्रश्न : मेथाडोनवर आहे, ८० मिलिग्रॅमवर. अपघातामुळे पाच दिवस सेंटरला जाता आलं नाही, मित्राने दिलेल्या काहीतरी गोळ्यांवर काढले. उद्या जाऊन माझा नेहमीचा ८० चा डोस मागू का? नाही सांगितलं तर कळणार नाही त्यांना.

मागू नका, आणि सांगा. पाच दिवसांत तुमची सहनशक्ती उतरलीये, तोच ८० आता तुमच्यासाठी जास्त होऊ शकतो, वरून मित्राच्या गोळ्यांत झोपेची काही असेल तर अजूनच. तीनपेक्षा जास्त दिवस चुकले की डोस कमी करून परत चढवत आणतात, पाचसहा दिवस झाले की बरेचदा नव्याने सुरुवात. त्या गोळ्यांची स्ट्रिप असेल तर सोबत न्या, फेकू नका. पाचसहा दिवस अंग दुखेल, ते सहन होईल. अपघाताची दुखापत आहे तर पेनकिलर कुठला चालेल तेही त्यांनाच विचारा, आणि हाडाच्या डॉक्टरांनाही मेथाडोनचं सांगा. तुमचा रोजचा मेथाडोन दुखण्याला पुरत नाही, त्यावर वेगळं औषध लागतं, ते मागायला घाबरू नका. उद्या सकाळी लवकर जा, डॉक्टर असतील तेव्हा, नुसती नर्स असेल तेव्हा नको.